अखेरचा श्वास आणि समाजाचे देणे

सोलापूरच्या गिरणी-व्यवसायाचा प्रारंभ १८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीने झाला. १९६३ साली ती बंद पडली. पुढे यंत्रमाग वाढले आणि सोलापुरी चादरीचा लौकिक देशभर पसरला. बंद कारखान्याची देणी निदान हिशेबाच्या वह्यांत तरी सापडतात. कामगारांच्या छातीत साठलेल्या धुळीची नोंद मात्र कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यास बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा विकार जडू शकतो. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे पहिले लक्षण; पुढे धाप कायमची होते. घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तंबाखूची धूळ येते. कायद्याने बिसिनोसिस हा व्यवसायजन्य रोग मानला आहे. परंतु कारण कोणतेही असो, जुनाट श्वसनविकार, कर्करोग किंवा निकामी झालेले हृदय यांनी आयुष्य संपत आलेल्या रुग्णाला श्वासासाठी करावी लागणारी धडपड सारखीच असते. रोग बरा होणार नाही, असे ठरल्यावर ‘घरी न्या’ एवढेच सांगितले जाते आणि उरलेल्या रात्री कुटुंबाला असहायपणे पाहाव्या लागतात.

वास्तविक या यातना पुष्कळशा कमी करता येतात. रुग्णास टेकून बसविणे, खिडकी उघडणे, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेणे, या साध्या उपायांनीही धाप हलकी होते. रक्तातील प्राणवायू पुरेसा असेल, तर सिलिंडरचा फारसा उपयोग होत नाही. एवढ्याने भागले नाही, तर जाणकार डॉक्टर अल्प मात्रेत मॉर्फिन देतात. त्याने मृत्यू लवकर येतो, ही समजूत योग्य मात्रेच्या बाबतीत निराधार आहे.

मग हे औषध रुग्णापर्यंत का पोचत नाही? खर्चाची सबब येथे टिकत नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या स्वस्त आहेत आणि ज्या अफूपासून मॉर्फिन काढतात, तिची परवान्याखालील शेती याच देशात होते. टंचाई निर्माण केली ती नियमांनी. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ वाढले आणि औषधी मॉर्फिनचा वापर कमालीचा घटला. व्यसनाधीनतेला आळा घालणे आवश्यकच होते; परंतु त्याची किंमत मरणासन्न रुग्णांनी मोजली. २०१४ च्या दुरुस्तीने नियम पुष्कळ सुलभ झाले. तथापि, कायदा बदलला म्हणून डॉक्टरांची भीती गेली आणि रुग्णालयांच्या औषध-भांडारात गोळ्या आल्या, असे होत नाही.

जगभरात अशा परिहार-सेवेची गरज असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केरळने मात्र वेगळी वाट धरली. १९९३ साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या कार्यातून स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ साली राज्याने धोरण स्वीकारले आणि पंचायतींमार्फत परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. महाराष्ट्राचेही धोरण २०१२ सालचे आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

सोलापुरात त्यासाठी नवी इमारत बांधावयास नको. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे, पूर्व भागात कामगारांची दाट वस्ती आहे. प्रशिक्षित डॉक्टर, घरी जाणारी परिचारिका आणि औषधाचा अखंड पुरवठा, एवढी मागणी नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत सर्वांकडे नेटाने करता येईल. ज्यांच्या श्रमावर या शहराचा लौकिक उभा राहिला, त्यांना शेवटचा श्वास सुखाने घेऊ देणे, हे या शहराचे थकलेले देणे होय. त्यास दानधर्म म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.