आधी परतीची गाडी, मग सहल

मैत्रिणींनो, पावसाने जरा उघडीप दिली की घरोघरी सहलीचे वारे वाहू लागतात. "एका दिवसात जाऊन येऊ, रेल्वेने!" घरातली मंडळी सहज बोलून जातात. पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या आपण, डबे भरायचे आपण आणि रात्री पेंगुळलेलं मूल खांद्यावर घेऊन घरी आलं की ओट्यासमोर उभं राहायचंही आपणच. डोंगर सगळ्यांनी पाहिला, आपण मात्र डबेच पाहिले!

असे होऊ नये म्हणून एक साधी युक्ती सांगते. सहलीची आखणी शेवटाकडून करा. घरी किती वाजता पोचायचे ते आधी ठरवा, त्यावरून परतीची गाडी आणि त्यावरून डोंगर उतरायची वेळ. उरेल तेवढीच सहल.

मुंबईकरांच्या माथेरानचेच उदाहरण घेऊ. दादरला रात्री आठच्या आत पोचायचे, तर नेरळहून पावणेसहाच्या सुमारास लोकल हवी. नेरळ ते दस्तुरी नाका टॅक्सीने अर्धा तास. दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी आहे, म्हणून तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर मुलांबरोबर चालायला तास धरा. म्हणजे चारला बाजारपेठ सोडायलाच हवी. सकाळी सहाला कर्जत किंवा खोपोली लोकल पकडली, तर वर पोचेपर्यंत दहा वाजतात. हातात राहिले सहा तास. त्यात शार्लट तलाव, त्याच्या काठचे पिसारनाथाचे मंदिर आणि जवळचा एक पॉइंट निवांत होतो. सहा पॉइंटांची यादी केली, की धावपळ आणि चिडचिड ठरलेलीच. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या नेरळला थांबत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आता मुले म्हणतील, झुकझुक गाडी हवी! १९०७ साली सुरू झालेली ही छोटी गाडी वीसएक किलोमीटर चढायला दोन-अडीच तास घेते. जाता-येता दोन्ही वेळा तिच्यातच बसलात, तर दिवस गाडीतच सरायचा. त्यापेक्षा अमन लॉज ते माथेरान ही लहान फेरी घ्या. मुलांची हौसही भागते आणि पायही वाचतात. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, पण ही वरची फेरी चालू ठेवतात.

पुण्याच्या मैत्रिणींना लोणावळा सोयीचे. लोकलने सव्वा-दीड तासाचा प्रवास. दुपारी मात्र लोकल कमी असतात, ते वेळापत्रकात बघून ठेवा. मुंबईहून यायचे तर इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेस. येतानाचे आणि जातानाचे आरक्षण एकाच वेळी करा. रविवारी संध्याकाळी मुले घेऊन गर्दीत शिरणे म्हणजे दिवसभराच्या आनंदावर पाणी. कर्जतनंतर घाट सुरू झाला, की मुलांना बोगदे मोजायला लावा. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर वेळ कसा जातो ते कळत नाही. लोणावळ्याजवळची वळवण, शिरवटा ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत बरं का. ती टाटांच्या वीज योजनेसाठी बांधलेली धरणे आहेत. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळू लागली ती याच पाण्यावर.

पाण्याची गोष्ट निघाली, तर एक कळकळीची सूचना. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुलेही होती. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला, तरी वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की फोटो राहू द्या आणि आधी मुलांना बाहेर काढा. मुळात भर पावसात ओढ्यात, धबधब्यात उतरूच नये. "आता शेवटचं एकदा" हा हट्ट बहुधा परतायच्या घाईत होतो. हाताशी तासभर राखलेला असला, की "नाही" म्हणणेही सोपे जाते. शार्लट तलाव तर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा. तिथे पाय बुडवायचेच नाहीत.

रविवारी जाणार असाल, तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहा. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून रेल्वेच्या ॲपवरही एकदा खात्री करा. जमल्यास शनिवार गाठा.

आता डबा. पुऱ्यांचा घाट घालू नका. आदल्या संध्याकाळी दुधात भिजवून दशम्या करा. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे, काकड्या आणि केळी. बस्स! खाऊ कापडी पिशवीत झाकून न्या, माथेरानची माकडे हातातली पिशवी ओढून नेतात. तिथली माती तांबडी, म्हणून पांढरे कपडे घरीच बरे. घाटात मळमळणाऱ्यांसाठी मीठ-लिंबू लावलेले आल्याचे तुकडे डबीत ठेवा. मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

आणखी एक. स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने आपण बायका दिवसभर पाणीच पीत नाही आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. असे करू नका. स्टेशनवर आणि जेवायला थांबाल तिथे सोय बघून घ्या, तशा थांब्यांची वेळ आखणीतच धरा आणि पाणी पीत राहा.

कामेही आधीच वाटून टाका. तिकिटे आणि वेळापत्रक यजमानांकडे, पाण्याच्या बाटल्या मुलांकडे. रात्रीसाठी मुगाच्या खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून ठेवा; कुकर लावायचे काम ज्याच्या वाट्याला, त्याचे नाव निघण्यापूर्वीच ठरू द्या. आणि त्या सहा तासांतला एक तास तुमचा. तळ्याकाठी सावलीत बसा, पाय पसरा. त्या तासात "आई, माझा रुमाल कुठाय?" याचे उत्तर बाबांनी द्यायचे!

तेव्हा आज जेवणे झाली, की कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कागदाच्या अगदी तळाशी आधी परतीची गाडी लिहा.