गोळी सुरू केली अन् पाळी बदलली. घाबरून पाकीट फेकण्याआधी हे वाचा

आकुर्डी : मावळ, खेड, मुळशीतून औद्योगिक पट्ट्यात कामाला येणाऱ्या महिलांसाठी दोन मुलांत अंतर ठेवणं हा रोजीरोटीचाही प्रश्न आहे. तरी पाळणा लांबवायची गोळी सुरू केलेल्या अनेकजणी दोन-तीन महिन्यांत ती सोडतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे पाळी बदलते, आणि ती का बदलते हे कोणी सांगितलेलं नसतं.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनमुळे बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात हार्मोन थांबतं, तेव्हा रक्तस्राव होतो. अस्तरच पातळ असल्याने अंगावरून कमी जातं, पोटही कमी दुखतं. ‘रक्त आत साठतं’ हा समज चुकीचा आहे; साठायला काही तयारच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. त्यांच्यासाठी कमी रक्तस्राव फायद्याचाच.

पहिले तीन महिने मधेच डाग दिसू शकतात, ते हळूहळू थांबतात. गोळी चुकली तरी डाग दिसतात. कारखान्यात आठवड्याला शिफ्ट बदलते, तिथे हे सहज होतं. म्हणून गोळी ड्युटीच्या नव्हे, रोजच्या ठरलेल्या वेळेला बांधावी. एक चुकली तर आठवताच घ्यावी. सलग दोन-तीन चुकल्या तर गोळी चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरावा.

२०१७ पासून सरकारी योजनेत आलेली ‘छाया’ वेगळी. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तिने काहींची पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटने तपासणी करावी.

तिसरी गोळी वारीच्या दिवसांतली. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. वारी, गणपती, लग्नकार्य आलं की काहीजणी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात. ही गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण तिच्या भरवशावर गर्भ राहणार नाही असं समजू नये. शेजारणीच्या चिठ्ठीवर ती आणूही नये.

माला-एन सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब असलेल्या, सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पिणाऱ्या, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणाऱ्या महिलांनी दुसरं साधन विचारावं. टीबीच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो, तेही डॉक्टरांना सांगावं. आठ दिवसांहून जास्त किंवा फार रक्त जाणं, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज, डोळ्यांसमोर अंधारी, असह्य डोकेदुखी यापैकी काही झालं तर लगेच दवाखाना गाठावा.

पाकीट हातात देताना पाच मिनिटं समजावून सांगणं, हे या योजनेत सर्वात स्वस्त काम आहे. ते राहिलं की पाकीट कपाटात पडतं आणि नको असताना दिवस जातात. त्याचा भार शेवटी बाईच्याच अंगावर येतो. म्हणून पाकीट घेताना एवढं विचाराच : ‘ताई, ह्याने पाळीत काय फरक पडेल?’