पुलांच्या पोटातील पोलादी केबल: बळाचा प्रश्न सुटला, गंजाचा कायम

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात ११ सप्टेंबर २०२४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास एल्ब नदीवरील कारोला पुलाचा एक भाग कोसळला. या भागावरून जाणारी शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच पुढे गेली होती, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. त्या वेळी पूर आला नव्हता, भूकंप झाला नव्हता किंवा पुलावर अवजड वाहनांची रांगही नव्हती. काँक्रीटच्या आत दडलेल्या पोलादी केबली एकेक करून तुटत गेल्या होत्या आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नव्हता. शिल्लक राहिलेले भागही सुरक्षित नसल्याचे आढळल्यामुळे २०२५ मध्ये ते पाडण्यात आले.

ही घटना जर्मनीतील असली तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न भारताच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. महानगरांतील मेट्रोचे उन्नत मार्ग, महामार्गांवरील उड्डाणपूल आणि रेल्वेरुळांखालील काँक्रीटचे स्लीपर हे सारे मुख्यत्वे पूर्वप्रतिबलित, म्हणजेच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे असतात. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गासाठी बसविण्यात येणारा ४० मीटर लांबीचा आणि सुमारे ९७० टन वजनाचा एकेक गर्डर याच तंत्राने तयार होतो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी ते न्हावा शेवा या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचा मोठा भागही असाच आहे. या सर्व बांधकामांचे आयुष्य अखेरीस त्यांच्या पोटातील केबलींच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

धाव चढविण्याचे तत्त्व

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते. साध्या प्रबलित काँक्रीटमध्ये हा ताण सळया घेतात, मात्र तोपर्यंत काँक्रीटला बारीक तडे गेलेले असतात. पूर्वप्रतिबलनाची कल्पना वेगळी आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो. ती थंड होऊन आकसते, सारे चाक आवळून धरते, आणि गाडीवर भार पडण्याआधीच लाकडाचे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पुलाच्या गर्डरमध्ये हेच काम ताणलेली पोलादी केबल करते. गर्डर भाराखाली वाकू लागला की त्याच्या तळाशी निर्माण होणारा ताण आधीच भरून ठेवलेल्या दाबातून वजा होतो आणि काँक्रीट तडकत नाही.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकातही सुचली होती, परंतु ती टिकली नाही. साधे पोलाद ताणले असता मीटरमागे जेमतेम पाऊण मिलिमीटर लांबते. काँक्रीट मात्र वाळताना आणि सततच्या दाबाखाली जवळपास तेवढेच आखडते. परिणामी काही महिन्यांत केबलमधील ताण नाहीसा होत असे. फ्रेंच अभियंता युजेन फ्रेसिने यांनी या अपयशाचे कारण ओळखले आणि अतिशय उच्च ताकदीचे पोलाद वापरण्याचा आग्रह धरला. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. असे पोलाद मीटरमागे सुमारे सात मिलिमीटर ताणता येते. काँक्रीट आखडल्याने त्यातला काही भाग गमावला तरी बहुतांश ताण शिल्लक राहतो.

आजच्या केबलचा मूळ घटक म्हणजे सात तारांचा पीळ, ज्याला बांधकामावर स्ट्रँड म्हणतात. मधल्या सरळ तारेभोवती सहा तारा वळलेल्या असतात. १५.२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा असा एक पीळ तुटण्यापूर्वी सुमारे २६ टन ओढ सोसतो. १९ पिळांची एक केबल केली तर ती क्षमता ५०० टनांच्या जवळ जाते. जॅकने ताणताना यापैकी साधारण तीन चतुर्थांश बळ वापरले जाते. अशा वेळी ४० मीटरची केबल पाव मीटरहून अधिक लांबते.

केबलची रचना करताना अभियंत्याला तिची वळणे ठरवावी लागतात. मधोमध ती तळाशी असते आणि टोकांकडे वर चढते, त्यामुळे ताणली असता गर्डरला वर उचलून धरते. वळणांवरील घर्षण, टोकाच्या पाचरींची किंचित घसरण, काँक्रीटचे आखडणे आणि पोलादाचे कालांतराने सैलावणे या सर्व घटी आधीच हिशेबात धराव्या लागतात. या गणिताच्या पद्धती आज प्रस्थापित आहेत. भारतीय मानक संस्थेची मानके आणि इंडियन रोड्स काँग्रेसची काँक्रीट पुलांची संहिता यांत त्यांचे नियम दिलेले आहेत. बळाचा प्रश्न, म्हणजे, बव्हंशी सुटलेला आहे.

न दिसणारा शत्रू

जो प्रश्न सुटलेला नाही तो गंजाचा. साध्या सळईला गंज चढला की ती फुगते, काँक्रीटचे पापुद्रे निघतात आणि तांबूस डाग दिसू लागतात. म्हणजे धोक्याची सूचना मिळते. केबलच्या तारा मात्र बारीक असतात आणि सतत प्रचंड ताणाखाली असतात. त्यांच्यावर पडलेली लहानशी खाच खोल चिरेत बदलू शकते आणि तार अचानक तुटते.

या तारांचे संरक्षण करण्यासाठी त्या एका नळीतून ओवल्या जातात. ताण दिल्यानंतर नळीत सिमेंटचा पातळ लगदा दाबाने भरला जातो. यालाच ग्राउटिंग म्हणतात. सिमेंटच्या क्षारधर्मी आवरणात पोलाद सुरक्षित राहते. पण लगद्यातील पाणी वर येऊन नळीच्या उंच भागात पोकळी राहिली, किंवा काम घाईत उरकले गेले, तर तेथे हवा, ओल आणि कालांतराने क्षार यांना वाट मिळते. वरून काँक्रीट अखंड आणि स्वच्छच दिसत राहते.

जगभरच्या दुर्घटनांत हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसते. वेल्समधील इनिस-ई-ग्वास हा १९५३ चा पूल डिसेंबर १९८५ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. त्याच्या जोडांपाशी केबली गंजल्या होत्या. पुढे १९९२ मध्ये ब्रिटनने ग्राउट केलेल्या केबलींचे नवे पूल बांधण्यास स्थगिती दिली आणि नियम सुधारल्यावर १९९६ पासून ती टप्प्याटप्प्याने उठविली. २००० च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तुलनेने नव्या पुलांच्या केबली तुटलेल्या आढळल्या, आणि तेथेही पोकळ राहिलेल्या नळ्याच दोषी ठरल्या. इटलीत जेनोआ येथील मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. त्या पुलाच्या तिरप्या आधारांतील पोलाद काँक्रीटच्या वेष्टनात दडलेले होते आणि त्यामुळेच त्याची तपासणी अवघड होती.

भारतालाही हा अनुभव नवा नाही. पणजी येथील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकेही पूर्ण झाली नव्हती. खाडीच्या खाऱ्या हवेत केबलींना लागलेला गंज हे या घटनेमागील प्रमुख कारण मानले गेले. नवा पूल होईपर्यंत गोव्यातील लोकांना कित्येक वर्षे फेरीबोटींवर विसंबावे लागले. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील पहिल्या पुलातही केबलींचा गंज चिंतेचा विषय ठरला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल खुला झाला. झुआरी नदीवरील १९८३ च्या पुलावर पुढे अवजड वाहनांवर निर्बंध घालावे लागले. डिसेंबर २०२२ पासून तेथे नव्या पुलाने भार घेतला.

येथे प्रमाणाचे भान मात्र ठेवले पाहिजे. भारतात १९७७ ते २०१७ या काळात कोसळलेल्या २,१३० पुलांच्या एका अभ्यासानुसार सुमारे ८० टक्के घटनांमागे पूर व अन्य नैसर्गिक आपत्ती होत्या. बांधकामसाहित्याचा ऱ्हास हे कारण सुमारे १० टक्के घटनांत आढळले. शिवाय कारोला पुलात वापरलेले पोलाद एका विशिष्ट प्रकारचे होते. बांधकामाच्या काळात ओल लागल्याने त्यात सुरू झालेल्या सूक्ष्म चिरा दशकानुदशके वाढत गेल्या. भारतात मुख्यतः थंड अवस्थेत ओढलेल्या तारा वापरल्या जातात आणि त्या या दोषाला तुलनेने कमी बळी पडतात. तेव्हा ड्रेस्डेनवरून सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु खारी हवा, लांबलचक पावसाळा आणि अर्धवट भरलेल्या नळ्या या गोष्टी मात्र आपल्या परिचयाच्या आहेत.

तपासता येईल अशी केबल

या अनुभवांतून केबलच्या रचनेचे उद्दिष्टच बदलत आहे. केबल पुरेशी बळकट असावी एवढे आता पुरत नाही. ती तपासता यावी आणि गरज पडल्यास बदलता यावी अशी अपेक्षा आहे. पत्र्याच्या नळ्यांऐवजी प्लास्टिकच्या, जोडांपाशी न गळणाऱ्या नळ्या वापरल्या जातात. पाणी न सोडणारा लगदा आणि निर्वात पद्धतीचे ग्राउटिंग रूढ होत आहे. काही देशांत केबल विद्युतदृष्ट्या पूर्णतः अलग ठेवतात, म्हणजे नळीला छिद्र पडले की विद्युतरोधाच्या मापनातून ते कळते. बॉक्स गर्डरच्या पोकळीतून उघड्यावर नेलेल्या केबली डोळ्यांनी पाहता येतात आणि बदलताही येतात.

अर्थात यातील कोणताही उपाय फुकट मिळत नाही. बाह्य केबल काँक्रीटशी चिकटलेली नसल्याने अंतिम भाराखाली तिचे पूर्ण बळ वापरता येत नाही, म्हणून पोलाद अधिक लागते. आग आणि घातपात यांपासून तिचे रक्षणही करावे लागते. सर्वात कमी दराच्या निविदेला काम देण्याच्या पद्धतीत हा वाढीव खर्च टिकणे कठीण जाते. ग्राउटिंगचे तर सारे कामच दृष्टीआड होते. नळी भरली की नाही, हे उद्घाटनाच्या दिवशी कोणालाही दिसत नाही. त्याचे फळ वीस-तीस वर्षांनी मिळते आणि तोवर ठेकेदार, देखरेख करणारे अभियंते आणि मंजुरी देणारे अधिकारी सारेच बदललेले असतात.

म्हणूनच नोंदींचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक केबल ताणताना जॅकचा दाब आणि केबलची प्रत्यक्ष लांबण नोंदवली जाते. कोणत्या दिवशी ग्राउट भरले, किती लगदा गेला, हेही लिहिले जाते. ही नोंदवही पुलाची जन्मपत्रिका असते. ती पूल असेपर्यंत जपली गेली, तर पुढच्या पिढीतील अभियंत्याला कोठे शोधायचे हे समजू शकते. राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची माहिती एकत्र करण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. अशा प्रणालीत पुलाची लांबी-रुंदी आणि दिसणारी स्थिती यांच्या जोडीला आतील केबलींचा इतिहासही नोंदवला जाणे आवश्यक आहे.

ड्रेस्डेननंतर जर्मनीने काय केले हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तशाच पोलादाच्या अन्य पुलांची पुनर्तपासणी झाली. तार तुटतानाचा आवाज टिपणारी उपकरणे बसविण्यात आली. बाड शांडाउ येथील पूल नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांचा रोष पत्करून बंद केला गेला आणि भारचाचणीनंतर एप्रिल २०२५ मध्ये मर्यादित वजनाच्या वाहनांसाठी पुन्हा खुला झाला. गैरसोय झाली, पण निर्णय अंदाजावर न सोडता मोजमापावर घेतला गेला.

भारतात आज उभे राहणारे पूल शंभर वर्षे टिकावेत अशी अपेक्षा आहे. त्यासाठी लागणारे पोलाद, गणित आणि यंत्रे आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती न दिसणाऱ्या कामाला योग्य दर, स्वतंत्र तपासणी आणि कायमस्वरूपी नोंद देण्याच्या शिस्तीची. ती शिस्त बांधकाम चालू असतानाच आणावी लागेल, कारण काँक्रीटमध्ये बंद झालेली केबल नंतर उघडून पाहणे फार महाग पडते. आणि तिच्याकडे पाहिलेच नाही, तर त्याची किंमत पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांना मोजावी लागते.