घरपट्टी आणि शहराची शीव

पहांटे कल्याण, विरार, अंबरनाथ या स्टेशनांवरून गाड्या ज्यांना घेऊन निघतात, त्यांच्या श्रमावर वांद्रे-कुर्ला संकुलांतील पेढ्या चालतात. या माणसांच्या घरीं पाणी पोंचविणें, त्यांच्या आळ्यांतील गटारें उपसणें, रात्रीं दिवे लावणें हें काम त्यांच्या त्यांच्या नगरांचें. पेढ्यांच्या इमारतींची घरपट्टी मात्र मुंबई महानगरपालिकेची. कायद्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहींच नाहीं. इमारत ज्या शिवेंत उभी, त्या शिवेच्या धन्याची पट्टी, असा आपल्याकडील जुना नियम आहे. परंतु नियम जुना म्हणून तो न्याय्यहि आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

मुंबई महानगर प्रदेशांत आज 9 महानगरपालिका आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं नगरपालिका व ग्रामपंचायती. लोकांची मजुरी, बाजार व रोजचें येणेंजाणें या शिवा जुमानीत नाहीं. पट्टी तेवढी जुमानते. भिवंडीचेंच पहा. भिवंडीच्या नांवानें ओळखलीं जाणारीं पुष्कळशीं गोदामें पूर्णा, काल्हेर, माणकोली अशा गांवांच्या हद्दींत आहेत. मालमोटारींची कोंडी शहरानें सोसावयाची, पट्टी मात्र शहराच्या तिजोरींत पडावयाची नाहीं! मुंबईंत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी 2022 पासून माफ झाली, याचा आम्हांस आनंदच आहे. पण ज्या नगरांत मोठ्या पेढ्याच नाहींत, त्यानें असें औदार्य कशाच्या जोरावर दाखवावें?

घटनेच्या 73 व्या व 74 व्या दुरुस्तीनें 1993 पासून राज्य वित्त आयोगांची तरतूद झाली खरी. परंतु त्यांच्यापुढील वांटणी मुख्यतः सरकारी करांची. एका पालिकेच्या घरपट्टींत शेजारच्या पालिकेचा कांहीं हक्क आहे कीं काय, हा प्रश्न तेथें सहसा निघत नाहीं.

तो अन्यत्र निघाला आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें 1971 सालीं मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडशहरांच्या सात परगण्यांसाठीं कायदा केला. व्यापारी व औद्योगिक मिळकतींच्या करपात्र मूल्यांत त्या सालापासून जी वाढ होईल, तिचा शेंकडा 40 भाग प्रत्येक गांवानें सामाईक ठेवावयाचा. आणि तो लोकसंख्येच्या मानानें वांटतांना, ज्यांच्या मिळकती दरडोई कमी मोलाच्या, त्यांना झुकतें माप द्यावयाचें. राहतीं घरें या हिशेबांतून वगळलीं. बर्न्सव्हिल या गांवानें फिर्याद केली. 1974 सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें कायदा उचलून धरला, व तो आजहि चालू आहे. खुबी ही कीं, पूर्वीचें कोणाचें कांहीं काढून घेतलें नाहीं; वाटा मागितला तो वाढींतला. दक्षिण कोरियांतील सोल शहरानेंहि 2008 पासून आपल्या 25 विभागांच्या मालमत्ता कराचा कांहीं भाग सामाईक केला; 2010 पासून तो शेंकडा 50 आहे. पण तेथें लहानमोठ्या सर्व विभागांना सारखीच वांटणी होते. ही रीत आम्हांस ओबडधोबड वाटते.

मुंबईचे अभिमानी म्हणतील, आमच्या शिवेंत जें उभें राहिलें तें आमचें. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों, वांद्रे-कुर्ला संकुल वसविलें कोणी? महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें, म्हणजे साऱ्या प्रदेशाच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेनें. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जी पालिका आपल्याच बड्या थकबाकीदारांच्या दारीं जावयास कचरते, तिला शेजाऱ्याच्या पैशांतून कां पोसावें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणून स्वतःची वसुली ठरलेल्या प्रमाणांत न करणाऱ्या पालिकेचा वाटा रोखून धरावा, अशी अट कायद्यांतच असावी.

मिनेसोटानें 1971 हें पायाचें वर्ष धरलें. आपल्या विधिमंडळानें कोणतें धरावयाचें, हें अद्याप ठरावयाचें आहे. आणि वांद्र्यास नव्या इमारतींचे पाये तर रोज भरले जात आहेत.