आतल्या वाटा मुलांसाठी राखूया

थंडीचे दिवस आले की रविवारी सकाळी आपल्या गावांतून सायकलस्वारांचे थवे जाऊ लागतात. डोक्याला हेल्मेट, अंगात घट्ट रंगीत कपडे, सायकली पातळ चाकांच्या आणि हलक्या. ही मंडळी पणजी-म्हापशाकडून येतात, काही सावंतवाडीच्या बाजूने उतरतात. चढण चढून घामाघूम झाली की हसापूर-चांदेलकडे सावली पाहून थांबतात, भाजीपाव-चहा घेतात आणि पुढे निघतात. आपली मुले त्यांच्याकडे कुतूहलाने पाहतात. आम्हांला मात्र दरवेळी एकच प्रश्न पडतो. ज्या रस्त्यांवर सायकल चालवायला लोक इतक्या लांबून येतात, त्या रस्त्यांवर आपल्या शाळेतील किती मुले सायकल चालवतात?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. लहान मुले बालरथातून येतात. मोठ्यांना वडील किंवा काका दुचाकीवरून सोडतात. बालरथाने दूरच्या वाड्यांवरील मुलांची, विशेषतः मुलींची, मोठी सोय केली आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण शाळा सुटल्यावर, रविवारी, सुटीच्या दिवसांतही सायकल पडवीतच उभी असते. कारण विचारले तर पालक म्हणतात, "रस्त्यावर पाठवायला भीती वाटते." ही भीती खोटी नाही. म्हणूनच तिच्याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे.

आधी या रस्त्यांविषयी थोडे. विद्यार्थी मित्रहो, आपले रस्ते इतके वळणावळणाचे का, याचा कधी विचार केला आहे? मोप्याचे पठार जांभ्या दगडाचे आहे. पावसाळ्यात पडणारे पाणी या सच्छिद्र दगडात मुरते आणि खाली पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. सड्यावर पाणी टिकत नाही, म्हणून आपल्या पूर्वजांनी घरे, देवळे, कुळागरे पायथ्याशी केली. एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जाणाऱ्या पायवाटा झाल्या, त्यांवरून गाड्या गेल्या आणि पुढे त्याच वाटांवर डांबर पडले. त्यामुळे आपले आतले रस्ते पाण्याच्या आणि झाडांच्या सोबतीने जातात. आखूड पण खडी चढण, मग उतार, मग सपाट शेत, पुन्हा चढण. उतारावर काजू, खाली माड आणि पोफळी. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे!

यांतल्या तीन वाटा आम्हांला विशेष प्रिय आहेत. पहिली पेडण्याहून वारखंड-नागझरच्या बाजूने मोप्याकडे जाणारी. ती पठाराच्या कुशीतून जाते. दुसरी उत्तरेची, उगवे, तांबोसे, तोरसे आणि पत्रादेवी. तेरेखोल नदीच्या खोऱ्यातल्या या वाटेच्या टोकाला पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि पंजाबचे कर्नैल सिंग येथे हुतात्मा झाले. पुस्तकात वाचलेला हा धडा सायकलवरून गाठता येतो, हे भाग्य किती शाळांच्या वाट्याला येते? तिसरी वाट पूर्वेची, कासारवर्णे, चांदेल, हसापूर, इब्रामपूर, हणखणे अशी दोडामार्गाच्या दिशेने जाणारी. शापोऱ्याच्या खोऱ्यातील ही वाट सर्वांत दाट सावलीची. वरच्या वर्गातील मुलांनी मोठ्यांबरोबर डिचोलीकडेही जावे. अस्नोडा, मुळगाव, डिचोली, मग मयेचे तळे आणि नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर. या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला.

रान किती जवळ आहे याचा प्रत्यय सप्टेंबर २०२५ मध्ये आलाच. 'ओंकार' नावाने ओळखला जाणारा हत्ती पेडणे तालुक्यात उतरला आणि तांबोसे परिसरातील शेती-बागायतीत फिरत राहिला. शेतकऱ्यांचे नुकसान झाले, ते दुःख वेगळे. पण आपण रानाच्या कडेला राहतो, हे या निमित्ताने शहरांतही कळले.

आता भीतीच्या कारणाकडे येऊ. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. या प्रकल्पावर आपल्या तालुक्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २०१९ मध्ये पर्यावरण परवान्याला स्थगिती मिळाली आणि २०२० मध्ये ती उठली. तो वाद येथे पुन्हा उकरण्याचा आमचा हेतू नाही. विमानतळ झाला, आपल्यापैकी काही घरांना त्यातून रोजगारही मिळाला. आमचे म्हणणे एवढेच की विमानतळासाठी महामार्गावर धारगळहून वेगळा, भलामोठा जोडरस्ता बांधलेला आहे. वेगाने जाणाऱ्यांनी त्या रस्त्याने जावे. आतले रस्ते त्यांच्यासाठी नाहीत.

प्रत्यक्षात काय होते? मोबाईलवरचा नकाशा जवळची वाट दाखवतो आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी वाड्यातून, शाळेसमोरून सुसाट जाते. चालवणाऱ्याला पुढचे वळण ठाऊक नसते, त्याचे लक्ष विमानाच्या वेळेकडे असते. डिचोलीच्या बाजूला वेगळी चिंता आहे. २०१८ मध्ये बंद पडलेला खाण व्यवसाय तेथे २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. खनिजाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्यावर मुलाला सायकल घेऊन पाठवा, असे आम्ही कोणालाच सांगणार नाही.

यावर आपण सर्वजण एकच उपाय मागतो, "रस्ता रुंद करा." ग्रामसभेत ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात होते. बसला, रुग्णवाहिकेला वाट हवी, हे आम्हांलाही मान्य आहे. जेथे दोन वाहने समोरासमोर अडकतात तेथे रस्ता रुंद झालाच पाहिजे. पण वळणे सरळ करून, कडेची झाडे तोडून रस्ता रुंद केला की त्यावर वेग वाढतो आणि अपघाताची भीती कमी होण्याऐवजी वाढते. नववी-दहावीच्या मुलांनी गणित करून पाहावे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी ३० कि.मी. वेगाच्या गाडीला ब्रेक लावल्यापासून थांबायला जेवढे अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ६० च्या वेगाला लागते. त्या अंतरात एखादे मूल सायकल घेऊन आले तर?

दूरदेशीचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. हॉलंड म्हटले की आज सायकलीच डोळ्यांसमोर येतात. पण ते पूर्वापार तसेच टिकून राहिले, असे नाही. मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकार पित्याने १९७२ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला, 'बालहत्या थांबवा'. त्या मथळ्याच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि पालक मुलांसह रस्त्यावर उतरले. पुढे सरकारने धोरण बदलले, वस्तीतला वेग कमी केला, सायकलींसाठी वाटा राखल्या. हे बदल पालकांनी मागितले, म्हणून झाले. आपला तालुका तेवढा श्रीमंत नाही, हे खरे. पण गतिरोधक, वेगमर्यादेची पाटी आणि सावली देणारे झाड यांसाठी श्रीमंती लागत नाही.

म्हणून आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो.

विश्वस्त मंडळाने शाळेच्या आवारात सायकलींसाठी छपराची जागा करावी, तेथे हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान ठेवावे. आठवी-नववीच्या मुलांनी भूगोलाच्या तासाला आपल्या गावांतील सायकलवाटांचा नकाशा काढावा. चढण कोठे खडी, आंधळे वळण कोठे, पाणी प्यायला विहीर कोठे, पावसात शेवाळ कोठे धरते, हे मुलांएवढे कोणाला ठाऊक नसते. तो नकाशा पालक-शिक्षक संघाने पंचायतींकडे न्यावा आणि त्यावर बोट ठेवून मागणी करावी. येथे गतिरोधक, येथे पाटी, येथे पावसाळ्यानंतर कडेचे रान साफ, येथली झाडे मात्र तशीच. मोघम तक्रारीपेक्षा नकाशावरची खूण अधिकाऱ्यांनाही टाळता येत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत एका रविवारी शिक्षक, पालक व मुलांनी मिळून एक वाट सायकलने करावी.

काही पालक म्हणतील, आमच्या चढणी मुलांना झेपणार नाहीत. चढण झेपली नाही तर उतरून ढकलत न्यावी, त्यात कमीपणा कसला? येथे येणारे पट्टीचे सायकलस्वारही वेगासाठी फिरत नाहीत. त्यांच्यातील 'ब्रेवे' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेरीत २०० कि.मी. साठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी सरासरी १५ कि.मी. सुद्धा पडत नाहीत. पहिला कोण आला हे तेथे मोजत नाहीत, वेळेत पोहोचणाऱ्या सर्वांचा मान सारखाच. खरी काळजी उताराची घ्यावी. वळण येण्याआधी वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक हलके दाबावेत, ओल्या लाल मातीवर एकदम ब्रेक लावू नये, आणि हेल्मेटशिवाय निघू नये. हे शिकवायला एक तास पुरतो.

सायकलवरून फिरलेल्या मुलाला ओहोळाचे नाव कळते, काजूचा हंगाम वासावरून ओळखता येतो, शेजारच्या गावचा मुलगा मित्र होतो. उद्या पंचायतीत, ग्रामसभेत बसून या डोंगरांचे, झऱ्यांचे निर्णय हीच मुले घेणार आहेत. बंद काचेतून पाहिलेल्या गावासाठी ती किती भांडतील, याची आम्हांला शंका वाटते.

पुढील पालक-शिक्षक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सभेला येताना पालकांनी एक काम करून यावे. पडवीतली सायकल बाहेर काढावी, चाकांत हवा भरावी, ब्रेक तपासावेत आणि मुलासोबत शेजारच्या वाड्यापर्यंत एक फेरी मारावी. रस्त्यावर नेमकी कोठे भीती वाटली, ते सभेत सांगावे. नकाशावरची पहिली खूण तेथेच करता येईल.