लॉगिन कॉलेजचे, नोंदी कोणाच्या?

जबलपूरजवळच्या भेडाघाटला सहल येते, धुवांधार धबधब्यापाशी फोटो निघतात आणि परतीच्या बसमध्ये ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पडतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचे तेवढ्याने भागत नाही. संगमरवराचा फोटो कुठल्या काठावरचा, थरांचा कल किती, हे त्याच दिवशी टिपले नाही तर महिन्याभराने त्याचा उपयोग शून्य.

साधनांचा तुटवडा नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर नकाशे, एनपीटीईएलवर व्याख्याने, संदर्भ लावून ठेवायला मोफत झोटेरो. सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम्’ २०१७ पासून आहे. २०२१च्या यूजीसी नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात.

अडते ते जुळवणीत. हे सगळे एकत्र ठेवायला अनेक महाविद्यालये स्वतःची प्रणाली देतात, पण ती तात्पुरती. पदवी संपली की लॉगिन बंद, नोंदीही गेल्या.

नोंद हरवली की काय होते, हे जबलपूरला चांगले ठाऊक आहे. १८२८मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांना इथे डायनासोरची हाडे मिळाली. जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी १८७७मध्ये त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे त्या हाडांतला एक मणका बेपत्ता झाला, तो थेट २०१२मध्ये कोलकात्यात सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. काखेत कळसा!

म्हणून पहिल्याच सत्रात प्राध्यापकांनी दोन तास यासाठी द्यावेत: फाइलला तारीख आणि ठिकाण कसे घालायचे, व्याख्यान रेंज असताना कसे उतरवून ठेवायचे, आणि सगळे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात कसे राहील. प्रात्यक्षिकाचे काही गुणही त्यावरच ठेवावेत. गुणांशिवाय आपल्याकडे कोण हलतो?