आबांच्या ट्रंकेतले रिव्हॉल्वर



गेल्या पंधरवड्यात भाताच्या बियाण्याचे सांगायला तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या एका गावी गेलो होतो. चहा झाला आणि घरच्या मावशींनी हळूच ट्रंक उघडली. जुन्या धोतरात गुंडाळलेले रिव्हॉल्वर! म्हणाल्या, "साहेब, ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा म्हणतो, याने रानडुकरं मारीन. मला रात्री झोप नाही."

मी हात लावला नाही. गोळ्या भरलेल्या आहेत का, एवढेच आधी विचारले. नव्हत्या. मी पडलो बी-बियाण्यांचा माणूस. पण असे हत्यार आणखीही कुणाच्या घरी पडून असेल, म्हणून आज त्याविषयी.

हत्यार देखणे होते, हे कबूल. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचे, .३२ बोअरचे. या घराण्याचे रिव्हॉल्वर ब्रिटिश फौजेने १८८७ साली घेतले. गोळ्यांचे फिरते चक्र; कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि झाडलेल्या पुंगळ्या एकदम वर येतात. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२ चे रिव्हॉल्वर काढले तेही याच धाटणीचे. २०१४ साली तिथूनच टायटॅनियमच्या मिश्रधातूचे 'निर्भीक' आले, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. जुने जड, म्हणून धक्का सोसते. नवे हलके, म्हणून बाळगायला सोपे. पण जुने असो वा नवे, पडले-झडले तर धोका तोच. पोराबाळांच्या हाती लागेल असे ते कधी ठेवू नये. गोळ्या वेगळ्या आणि दोन्हींना कुलूप.

आता रानडुकराचे. आखूड नळीचे हे हत्यार अंधारात, पळत्या जनावरावर कामाचे नाही. जखमी डुक्कर उलटले तर माणूस फाडते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. पीक राखण्यासाठी शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, रिव्हॉल्वरची नव्हे. नुकसान झाले तर लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.

मुख्य गोष्ट कागदाची. जमीन वारसाला मिळते, तसा परवाना आपोआप मिळत नाही. तो ज्याच्या नावाचा, त्याच्याबरोबर संपतो. मग हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला ते हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवाना मागावा. वय २१ पुरे हवे. २०२० पासून वसई-विरारकरांनी त्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे जायचे. जिल्ह्याच्या इतर तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. घरातले वडीलधारे सत्तरीला पोचले असतील, किंवा हत्यार २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे हयातीतच वारसाचे नाव सुचवता येते. हे काम मागे ठेवू नका. विनापरवाना हत्यार घरात सापडले तर तुरुंग आहे, आणि "आबांचे होते" ही सबब चालत नाही.

परवाना असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकाला दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणुकीत पोलिसांनी सांगितले तर हत्यार जमा करायचे. लग्नात, हळदीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाची शोभा बँडबाजाने होऊ द्या.

मावशींना सांगितले, मोटारसायकलवर हत्यार घेऊन निघू नका. आधी ठाण्यात फोन करा, आबांचे परवान्याचे पुस्तक आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा, आणि ते सांगतील तसे करा.

आठवड्याने मुलगा बाजारात भेटला. जमा केल्याची पावती खिशात होती. परवाना मागायचा की नाही, ते अजून ठरले नव्हते. "आई मात्र आता झोपते," म्हणाला.

पुढच्या अंकी भाताच्या गादीवाफ्यांविषयी.